ओळंबा

काळी माती चैत्रात फाटते.
आधी बोटभर, मग वीतभर,
आणि आमच्या कबरस्तानातले क्रूस
एकेक करून झुकू लागतात,
खालून कुणी काही सांगतंय
आणि ते कान देऊन ऐकू लागलेत, असे.

जालन्यात हे सगळ्यांना माहीत आहे.
इथं पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा,
असं माझा भाऊ शांतवन सांगायचा.
गवंडी होता तो.
त्याच्या क्रुसाला मात्र आम्ही पाया घेतला नाही.
घाईत होतो, रडत होतो,
सिमेंटची अर्धीच गोणी मिळाली.

म्हणून उत्तम शुक्रवारी
सात उद्गारांवरचे सात संदेश ऐकून,
तीन तास बाकावर बसून कंबर धरलेली आई
शनिवारी सकाळी निघते.
पिशवीत त्याची थापी, त्याचा ओळंबा,
घमेल्यात वाळू,
तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाच लिटर पाणी.
शनिवारी चर्चमध्ये काही नसतं.
शुक्रवारला काळे कपडे आहेत, रविवारला पांढरे,
शनिवारला घरातलेच.

तिनं त्याला एक किडनी दिली होती.
तेव्हा मंडळीनं तिला साक्षीला उभं केलं,
बलिदानावर दोन शब्द बोला, सुगंधाबाई.
ती माइकपाशी गेली, म्हणाली,
"एकदा अख्खा मह्यातूनच निघाला होता तो.
थोडं मागं राहिलं असंल, ते नेलं."
आणि जागेवर येऊन बसली.

त्यानंतर तो सहा वर्षं जगला.
गेला तेव्हा मामा अंगणात हळूच बोलला,
वाया गेली बिचारीची किडनी.
आईनं ऐकलं. बोटांवर मोजू लागली:
परतूरला दोन खोल्या, बदनापूरच्या शाळेची मुतारी,
याच कबरस्तानाची पूर्वेकडची भिंत,
रूथच्या पोरीला सायकल शिकवली ते,
मला नर्सिंगला सोडायला आला तेव्हा
एसटीत खिडकीशी झोपला होता, तोंड उघडं टाकून, ते.
"हे वाया?"
मामा चहाचा कप घेऊन आत गेला.

मी डायलिसिसच्या वॉर्डात काम करते.
रोज पाहते, कोण कुणाला काय देतं
आणि कोण फोन उचलत नाही.
त्याग हा शब्द मला आता मोठ्यानं म्हणता येत नाही.
पुनरुत्थान तर त्याहून नाही.
रात्री दोनला मशीन वाजू लागलं की
मी नळ्या तपासते, बस.

पण आईपुढं एक अडचण उभी राहिली
आणि ती तिनं हिवाळे पाळकांना भर रस्त्यात विचारली.
शेवटच्या दिवशी शांतवन उठंल,
तव्हा ती किडनी कुणाची?
पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
अभ्यास करून सांगतो, म्हणाले. भला माणूस.
आई थांबली नाही त्यांच्यासाठी.
वाळू कालवता कालवता मला म्हणाली,
"दोघांला एकदमच उठावं लागंल.
नाहीतर एकाचं अर्धवट राहतंय."

मी दोरी धरली.
ओळंबा हलत राहिला, ऊन चढू लागलं,
आम्ही बोललो नाही
आणि तो थांबला.
क्रूस सरळ होता. निदान आषाढापर्यंत.

ईस्टरला पहाटे पाचला सगळी मंडळी तिथंच,
मेणबत्त्या, मोगरा, पेंगुळलेली लेकरं.
पाळक दगड लोटल्यापर्यंत आले होते,
तेवढ्यात शांतवनच्या भिंतीपलीकडून कुणी ओरडलं:
नळ आला!
नवव्या दिवशी.
आणि बाया कबरांमधून धावत सुटल्या,
पांढऱ्या साड्या वर खोचून,
एकमेकींना हाका मारत, हसत.
त्या पहिल्या बायाही अशाच पळाल्या असतील,
कुणाला काय सांगायचं ते धड न ठरवता.

आई सगळ्यांच्या मागं,
कुशीवरच्या टाक्यांवर हात दाबून,
पण पळतच.